वरचं मीठ बंद, खर्ड्याचं काय?

लेखात लिहिलंय की ताटात वरून मीठ घेणं बंद करा म्हणजे बीपी आटोक्यात यायला मदत होईल, बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंय. आमच्या सांगलीकडं वरून मीठ घेतंय कोण, ते आधीच खर्डा, लोणचं, पापड न् चार वाजताच्या भडंगातनं पोटात गेलेलं असतंय. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचा, आमच्या पप्पांचा त्यातला बराचसा कोटा नाष्ट्यालाच संपत असणार.

आणि सैंधवावर एक ओळ तरी पाहिजे होती राव. आमच्या आत्या सैंधव वापरतात म्हणून बिनधास्त दोनदा लोणचं वाढून घेतात, पण तेपण मुख्यतः सोडियम क्लोराईडच, म्हणजे आपल्या साध्या मिठात असतंय तेच की! लो सोडियम मीठ मिळतं ते वेगळं, त्यात पोटॅशियम असतं, बीपीला चांगलं म्हणतात पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. हे पुढच्या लेखात टाका.