हॉटेलची खोली स्वस्त आहे म्हणून खोटं का ऐकून घ्यायचं?

भिंतीवर एसी, आणि रिमोट काउंटरवर. मागायला गेलं की उत्तर तयार: "तुमचं बुकिंग नॉन-एसीचं आहे. चालू करायचा तर रोजचे पाचशे जास्त." मग बुकिंगच्या ॲपवर त्याच खोलीचा एसीसकट फोटो कशाला टाकलात? मे महिन्यात, मालवणात, घामाघूम पोरं घेऊन आलेलं कुटुंब आता बॅगा उचलून दुसरीकडे जाणार नाही, हे हॉटेलवाल्यांना पक्कं माहीत असतं. पाचशे रुपये एक वेळ देऊ, पण ही अडवणूक सहन होत नाही.

स्वस्तातलं हॉटेल शोधणाऱ्याला हवं तरी काय असतं? धुतलेली चादर, आतून लागणारी कडी, नळाला पाणी आणि सांगितलेला दर. यातलंही काहीतरी गायब असतंच. चादरीवरचा डाग दाखवला तर तीच चादर उलटी करून घालतात. उशांना कुबट वास. गरम पाणी चोवीस तास म्हणून लिहिलेलं, प्रत्यक्षात सकाळी सहा ते आठ. सगळ्यात डोकं फिरलं ते आईच्या बाबतीत. तिचे गुडघे गेलेत, म्हणून लिफ्ट आणि कमोड दोन्ही आहेत ना, असं मी फोनवर मुद्दाम विचारलं होतं. "आहे ना मॅडम, सगळं आहे." पोचलो तर लिफ्ट बंद, खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि संडास भारतीय पद्धतीचा. आईने कठड्याला धरून, पायरीपायरीवर थांबत जिना चढला. 'नाही' म्हटलं असतं तर आम्ही दुसरं हॉटेल बघितलं असतं. एवढंच टाळायला खोटं बोलले.

दराचंही तेच. यादीत १,२९९ दिसतात. पुढे टॅक्स, मग 'सुविधा शुल्क', मग आधीच टिक करून ठेवलेला विमा. वर लाल अक्षरांत 'एकच खोली शिल्लक', आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर तीच एक खोली अजून शिल्लकच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न्स'वर, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांवर, बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई, टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत, न विचारता पदरात टाकलेला माल, सगळं त्यात आहे. तरी सुट्ट्या लागल्या की हेच सगळं राजरोस चालू.

एवढं करून पैसे भरावेत, तर हॉटेलवर ऐकायला मिळतं, "ॲपवाल्यांनी आमचे पैसे थकवलेत. तुम्ही इथे रोख द्या आणि तिकडून रिफंड घ्या." अहो, तुमचं त्यांचं भांडण, त्यात मी दोनदा पैसे का भरू?

आणि हा बारा-एकचा चेक-इन! मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालेला माणूस सकाळी कुडाळला उतरतो. मालवणात पोचेपर्यंत पोरं पेंगुळलेली, आंघोळी व्हायच्या. खोली समोर रिकामी दिसते, पण 'अर्ली चेक-इन'चे पैसे वेगळे. दुपारी एकला आत घ्यायचं, दुसऱ्या दिवशी दहाला दार वाजवायचं, म्हणजे भाडं पूर्ण दिवसाचं आणि खोली एकवीस तास. 'एक्स्ट्रा बेड' म्हणून आठशे रुपये लावतात आणि फरशीवर पातळ गादी टाकतात. पोर आईच्या कुशीत झोपणार असलं तरी त्याचे पैसे घेतातच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्याकडून टॅक्स म्हणून पैसे घेतले, पण किती टक्के ते बघायला बिल मागितलं तर पेनाने आकडे लिहिलेला कागद हातात दिला. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही.

"या भाड्यात एवढंच परवडतं," हे तर मला अजिबात सांगू नका. शेगावला जाऊन या. गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास बघा. भाडं माफक, फरशी आणि संडास लख्ख, आणि सेवेकरी आलेल्याला 'माउली' म्हणून बोलतात. ते संस्थान आहे, सेवा आहे, मान्य. मग तारकर्ली-देवबागला घरातल्याच दोन खोल्या देणाऱ्या काकू बघा. "लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालेल, एसी नाही, चालत असेल तर या," असं त्या फोनवरच सांगतात. आम्ही गेलो, लाईट गेली, पंखा चालला. एका शब्दाची तक्रार नाही. कारण काय मिळणार ते आधी कळलं होतं.

आता मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनमध्ये ठेवलाय. बुकिंगआधी थेट हॉटेलला व्हॉट्सॲप करते: एसी याच दरात का, रिमोट खोलीत का, लिफ्ट आज चालू आहे का, कमोड आहे का, मुलाचे पैसे किती, सगळं मिळून आकडा किती. परवा एका मॅनेजरने फोन करून वैतागून सुनावलं, "दीड हजाराच्या खोलीसाठी एवढे प्रश्न कोणी विचारत नाही." विचारणार. आणि उत्तर लेखी आल्याशिवाय एक रुपया आगाऊ पाठवणार नाही.