स्वित्झर्लंडचं अल्बिनेन गाव ५० लाख वाटत नाहीये, तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

तो मेसेज परत फिरायला लागलाय. स्वित्झर्लंडमध्ये अल्बिनेन नावाचं एक सुंदर गाव आहे, तिथे माणसंच उरली नाहीत, म्हणून तिथलं सरकार जो कुणी कुटुंब घेऊन राहायला येईल त्याला ५० लाख रुपये आणि वर घर देतंय, जगातल्या कुणीही अर्ज करावा, असं त्यात असतं. खाली हिरव्यागार डोंगराचे दोनतीन फोटो. २०१७ च्या शेवटापासून हे चालू आहे आणि दर वर्षी नव्याने कुणाला तरी सापडतं. मी एरवी फॉरवर्डच्या नादी लागत नाही, पण माझ्या ओळखीतल्या एका मुलाने यावर विश्वास ठेवून एका व्हिसा एजंटकडे "फाईल उघडायचे" म्हणून पैसे भरले आणि ते गेले ते गेलेच, त्यामुळे आता एकेक मुद्दा घेऊन सगळंच लिहून टाकतो.

आधी यात खरं किती ते सांगतो, कारण गाव खरं आहे, योजना पण खरी आहे. ३० नोव्हेंबर २०१७ ला अल्बिनेनच्या ग्रामसभेत मतदान झालं, ७१ जण बाजूने, २९ विरोधात, आणि ठरलं की बाहेरून येऊन गावात घर करणाऱ्याला गावाच्या तिजोरीतून मदत द्यायची. मोठ्या माणसामागे २५,००० फ्रँक, प्रत्येक मुलामागे १०,००० फ्रँक. म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलं असतील तर ७०,००० फ्रँक, तेव्हाच्या भावाने साधारण ४५ लाख रुपये, मेसेजमधले ५० लाख इथूनच आले असणार. इथपर्यंत ठीक आहे. यापुढचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

"स्वित्झर्लंड सरकार देतंय" हे पहिलं. बर्नमधल्या केंद्र सरकारचा याच्याशी काही संबंध नाही, व्हाले कँटनचा पण नाही. (कँटन म्हणजे तिकडचं राज्य, व्हाले हे फ्रेंच नाव, जर्मन बोलणारे वालिस म्हणतात.) हा पैसा गावाचा आहे आणि ठराव पण गावाचा. स्वित्झर्लंडमध्ये दोन हजारांच्या वर अशा गाव-नगरपालिका आहेत आणि त्यांना स्वतःचा इन्कम टॅक्स लावता येतो, हा मुद्दा नीट समजून घ्या कारण अख्खी योजना यावर उभी आहे. तिकडे माणूस तीन ठिकाणी टॅक्स भरतो, देशाला, कँटनला आणि आपल्या गावाला. त्यामुळे गावात एक कमावतं कुटुंब वाढलं की गावाच्या तिजोरीत दर वर्षी थेट भर पडते, आणि एक कुटुंब गेलं की थेट खड्डा पडतो, पण रस्त्यावरचा बर्फ काढायचा खर्च, पाण्याच्या लाईनचा खर्च काही कमी होत नाही. म्हणजे हे पैसे म्हणजे दान नाहीये, गावाने केलेली गुंतवणूक आहे, दहा वर्षांत त्यातला बराच भाग टॅक्समधून परत यावा असा हिशोब आहे.

"जगातल्या कुणीही अर्ज करावा". नाही. अर्ज करणारा एकतर स्विस नागरिक पाहिजे नाहीतर त्याच्याकडे सी परमिट पाहिजे, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना. भारतीय माणसाला हा परवाना साधारणपणे तिथे कायदेशीर दहा वर्षं राहिल्यावर मिळतो, भाषा चांगली आली आणि बाकी सगळं नीट असलं तर पाच वर्षांनी पण मागता येतो. आणि ती पाच-दहा वर्षं तिथे राहायला मिळावीत म्हणून आधी नोकरीचं परमिट लागतं, त्यासाठी कंपनीला दाखवावं लागतं की स्वित्झर्लंडमध्ये आणि युरोपियन युनियनच्या देशांमध्ये या कामाला माणूस मिळाला नाही, आणि युरोपबाहेरच्या सगळ्या देशांसाठी मिळून कोटा गेली काही वर्षं वर्षाला ८,५०० परमिटचा आहे. म्हणजे नाशिक किंवा साताऱ्यात बसून ज्याला या योजनेत अर्ज करता येईल असा माणूस म्हणजे ज्याच्याकडे आधीच स्विस पासपोर्ट किंवा सी परमिट आहे तोच. एजंट कितीही सांगू दे, अल्बिनेनचा "व्हिसा" असं काही अस्तित्वातच नाही, कारण गावाला व्हिसा द्यायचा अधिकारच नाही.

"जाऊन राहिलं की ५० लाख हातात". इथे अटी बघा. वय ४५ च्या आत पाहिजे. गावात घर बांधायचं, विकत घ्यायचं किंवा जुनं घर दुरुस्त करायचं, आणि त्यात किमान २,००,००० फ्रँक गुंतलेले पाहिजेत, तेव्हाच्या भावाने एक कोटी तीस लाखांच्या आसपास. ते घर राहतं घर पाहिजे, सुट्टीतलं चालणार नाही. आणि दहा वर्षं तिथेच राहायचं, आधी सोडून गेलात तर पैसे परत. आता हिशोब लावा, चार जणांच्या कुटुंबाला मिळणारे ७०,००० म्हणजे कमीत कमी घरखर्चाच्या साधारण एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश स्वतःचे. एकटा माणूस असेल तर मदत आठव्या हिश्शाची. घर फुकट मिळतं हे तर कुठून आलं कुणास ठाऊक, योजनेत तसं एक अक्षर नाही.

आता फोटो. मला आलेल्या मेसेजमधला पहिला फोटो लाउटरब्रुनेनचा होता, तोच तो उभा कडा आणि त्यावरून पडणारा धबधबा, हनीमूनच्या अल्बममध्ये असतो तो. लाउटरब्रुनेन बर्न कँटनमध्ये आहे, बर्नीज आल्प्सच्या उत्तर बाजूला. अल्बिनेन त्याच डोंगररांगेच्या दक्षिण बाजूला, आणि दोन्हीकडचा निसर्ग खूप वेगळा आहे. उत्तरेला ढग अडतात, पाऊस पडतो, सगळं ओलं हिरवं. दक्षिणेला रोन नदीची मोठी दरी आहे, दोन्ही बाजूंनी उंच रांगा असल्याने पाऊस पोचतच नाही, व्हाले हा स्वित्झर्लंडमधला सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक. म्हणून तिथे शेकडो वर्षांपासून लोकांनी डोंगराच्या कडेकडेने पाण्याचे पाट काढून बर्फाचं वितळलेलं पाणी शेतात आणि गवतावर आणलंय, आणि खाली दरीत द्राक्षाचे मळे आहेत. अल्बिनेन साधारण १,३०० मीटरवर, डोंगराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर बसलंय, ऊन भरपूर. घरं लाकडाची आणि उन्हाने काळी पडलेली, एकमेकांना खेटून, मधून चिंचोळ्या गल्ल्या. धान्याची कोठारं दगडी चकत्यांवर उचलून ठेवलेली दिसतात, उंदीर वर चढू नयेत म्हणून. मला विचाराल तर हे लाउटरब्रुनेनपेक्षा जास्त बघण्यासारखं आहे, पण पोस्टकार्डसारखं नाही म्हणून मेसेजवाल्यांना चालत नाही.

"जगापासून तुटलेलं, ओसाड पडलेलं गाव" हा पुढचा दावा, आणि याच्यावर मला जास्त बोलायचंय. ठराव झाला तेव्हा गावात २४० च्या आसपास लोक होते. ओसाड नाही. तुटलेलं म्हणाल तर एके काळी अवघड होतं हे खरं. शेजारचं लॉयकरबाड हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तिथलं पाणी ५१ अंशांपर्यंत तापलेलं निघतं, रोमन काळापासून लोक तिथे येत आलेत. अल्बिनेनहून तिकडे जायचा जवळचा रस्ता म्हणजे सरळ उभा कडा, आणि त्या कड्यावर गावकऱ्यांनी आठ लाकडी शिड्या बसवल्या होत्या. पाठीवर ओझं बांधून बायामाणसं त्या शिड्यांनी वर-खाली करायची, कारण लॉयकरबाडला पाहुणे असायचे आणि पाहुण्यांना गावातला माल विकता यायचा. त्या शिड्या आजही तिथे आहेत, ट्रेकर लोक चढतात. पण आता रस्ता आहे, पिवळी पोस्टबस आहे, खाली लॉयक, पुढे एका बाजूला सिएर, दुसऱ्या बाजूला फिस्प, जिथे लोंझा या रसायनं बनवणाऱ्या कंपनीचा प्रचंड मोठा प्लांट आहे. घाटातल्या गावातून रोज नोकरीला खाली उतरता येतं, तिथले लोक तेच करतात.

मग माणसं का कमी झाली? कारण दरीत कारखाने आले. सिएरजवळ चिप्पीसला १९०८ पासून ॲल्युमिनियम, फिस्पला रसायनं. त्याआधी या भागातलं जगणं वर-खाली फिरण्याचं होतं, दरीत द्राक्षं, मधे गाव आणि थोडं धान्य, उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात. त्यात राबणं खूप आणि रोख पैसा कमी. कारखान्याचा पगार सुरू झाला तशी तरुण पोरं खाली गेली, आणि शेती हा जोडधंदा झाला. मुलं कमी झाली, गावातली शाळा बंद पडली, राहिलेली मुलं बसने बाहेरच्या शाळेत. शाळा गेली की लहान मुलं असलेलं पुढचं कुटुंब निघायचा विचार करतं. २०१७ ला हा प्रस्ताव आणण्यात गावातल्या तरुण मंडळींचाच पुढाकार होता, हे तर मेसेजमध्ये कधीच येत नाही.

आणि कुणी म्हणेल की मग रिकामी घरं कशी, तर त्याचं उत्तर सुट्टीतली घरं. आल्प्समधल्या कितीतरी गावांत घरं आहेत पण मालक शहरात, वर्षातले काही आठवडे खिडक्या उघडतात, बाकी वेळ बंद. यावर अख्ख्या देशात वाद झाला आणि ११ मार्च २०१२ ला सार्वमतात अगदी थोडक्या फरकाने ठरलं की ज्या गावात अशी दुय्यम घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त आहेत तिथे नवीन बांधायला परवानगी नाही. व्हालेमध्ये याला मोठा विरोध होता, बांधकामावर पोट असणारे खूप. पण अल्बिनेनने "राहतं घरच पाहिजे" ही अट का घातली ते यातून कळतं, त्यांना बंद खिडक्या नकोत, टॅक्स भरणारी आणि शाळेत जाणारी माणसं पाहिजेत.

"एवढा पैसा वाटतायत म्हणजे तिथे पैसा ऊतू जातोय" असं पण एकाने लिहिलं होतं. तर शेजारच्याच लॉयकरबाडची गोष्ट ऐका. तिथल्या गावकारभाऱ्यांनी १९८०-९० च्या काळात पर्यटनासाठी कर्ज काढून बांधकामं केली, स्नानगृहं, हॉल, काय काय, आणि १९९८ ला उघड झालं की गावावर साडेचौतीस कोटी फ्रँकच्या आसपास कर्ज आहे, दीड-दोन हजार वस्तीच्या गावावर! कँटनला तिथे देखरेख बसवावी लागली. डोंगरापलीकडे एवढं घडलेलं बघितलेली माणसं पैसे उधळत नाहीत. २९ लोकांनी विरोधात मत दिलं ते उगाच नाही. आणि काहीच केलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे तिचिनो कँटनमधलं कोरिप्पो, देशातली सगळ्यात छोटी नगरपालिका, माणसं दहा-बारा उरली, कारभार बघायला पण लोक पुरेनात, शेवटी २०२० मध्ये ती व्हर्झास्का नावाच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन झाली. स्विस माणसाला हे किती लागतं ते कळायला एक गोष्ट पुरेशी आहे, त्यांच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं, ज्या गावाचं नागरिकत्व वाडवडिलांकडून आलं ते.

या मेसेजमुळे त्या गावाला पण त्रास झालाय. जगभरातून चौकश्यांचा पूर आला, ज्यांना अर्ज करता येणारच नाही अशा लोकांच्या, आणि लहानशा ग्रामकार्यालयाला खुलासे करत बसावं लागलं.

शेवटचा मुद्दा, "आपल्या ग्रामपंचायतींनी हे शिकावं". यावर बोलायला मला आवडेल, पण मग पूर्ण तुलना करा. आपल्याकडे ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी असं थोडं स्वतःचं उत्पन्न असतं, बाकी बहुतेक निधी वरून येतो आणि कशावर खर्च करायचा ते पण बरंचसं वरूनच ठरून येतं. गावात नवीन कुटुंब राहायला आलं तर त्याचा इन्कम टॅक्स दिल्लीला जातो, गावाला त्यातलं थेट काही मिळत नाही. अल्बिनेनसारखा ठराव करायचा तर आधी ग्रामसभेच्या हातात तेवढा स्वतःचा पैसा आणि तो कसा वापरायचा हे ठरवायचा हक्क पाहिजे, आणि त्याची मागणी करायला स्वित्झर्लंडच्या व्हिसाची गरज नाही.