‘निवृत्त बाबू’चं उत्तर

सप्रेम नमस्कार.

सरकारी नियम कसे होतात, मसुद्यावर लोकांच्या हरकती कशा मागवतात, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : ‘हरकती-सूचना म्हणजे निव्वळ फार्स. निर्णय आधीच झालेला असतो, हरकत का फेटाळली ते कुणी सांगत नाही, नियम सभागृहापुढे ठेवणं ही औपचारिकता. मीही एकदा हरकत पाठवली होती, पुढे काही नाही. निवृत्त बाबूला हे सगळं गोड वाटणारच.’

आधी माझी चूक. मसुद्यावर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात असं मी सरसकट लिहून गेलो. ते पर्यावरण संरक्षण नियमांतले. कायदा-नियम करण्याआधी लोकांचं मत घेण्याच्या केंद्राच्या २०१४च्या धोरणात किमान ३० आहेत. हे तुम्ही दाखवलं नव्हतंत, माझं मलाच दिसलं. असो.

आता ‘बाबू’. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली ९ आवक-जावकला. हरकतींचे गठ्ठे या हातांनी सोडलेत. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या, पोस्टकार्डावरच्या. कधी एकाच मजकुराच्या शेकडो झेरॉक्स, खाली सह्या मात्र वेगवेगळ्या. प्रत्येकीला क्रमांक. एकदा शेवटच्या दिवशी कार्यालय बंद होता होता एक आजोबा धापा टाकत आले. साहेब म्हणाले, उद्या या. उद्या मुदत संपलेली! मी शिक्का मारून पोच दिली आणि दुसऱ्या दिवशी मेमो घेतला. हे गोड वाटण्यातलं असेल, तर वाटतं बुवा.

आणि फार्स? २०२०च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या नियमांच्या, मसुद्यावर लाखो हरकती गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, भाषांतर करायला सांगितलं. तो मसुदा त्या रूपात अंतिम झालाच नाही. कॉलड्रॉपचंही, म्हणजे बोलता बोलता फोन तुटण्याचंही, तेच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दर कॉलड्रॉपला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, अशी भरपाई ठरवली होती. नियम ग्राहकाच्या बाजूचा, तरी मे २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हरकती मागवल्या होत्या, पण मोबाइल कंपन्यांच्या मुद्द्यांना दिलेली उत्तरं न्यायालयाला पटली नाहीत. फार्स असता तर कोर्टाने एवढं कशाला खोदलं असतं?

कारणं देण्याचा आणि सभागृहाचा मुद्दा मोठा आहे, त्यावर सवडीने.

तुमच्या त्या हरकतीचा आवक क्रमांक तेवढा कळवा. पोच घेतली होतीत ना?