'फ्लाय' स्किप करा म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

कोणी नवीन माणूस ब्रेकिंग बॅड ही सिरीज बघायला बसला की त्याला हा सल्ला मिळतोच मिळतो: "तिसऱ्या सीझनचा दहावा एपिसोड 'फ्लाय' सोडून दे, त्यात एक माशी आहे बाकी काही नाही, पैसे वाचवायला काढलेला फिलर आहे." बास झालं आता. (ज्यांनी सिरीज बघितली नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलंय.)

आधी पैशाचं. हो, वाचवायलाच काढला, सिरीजचा निर्माता व्हिन्स गिलिगनने स्वतः सांगितलंय की बजेट हाताबाहेर गेलं होतं म्हणून जवळजवळ अख्खा एपिसोड दोन माणसं (ड्रग बनवणारा वॉल्ट आणि त्याचा जोडीदार जेसी) आणि त्यांच्या एका लॅबमध्ये उरकला. बरं मग? पैसे कमी होते हे कारण झालं, एपिसोड वाईट आहे याचा पुरावा कसा काय झाला?

"काहीच घडत नाही." हे वाचलं की मला खरंच प्रश्न पडतो की बघताना हातात मोबाइल होता का. जेसी वॉल्टच्या कॉफीत झोपेच्या गोळ्या घालतो, आणि तो पेंगुळलेला वॉल्ट बोलायला लागतो की आपण मरायला हवं होतं ती वेळ निघून गेली. कुठली वेळ, तर तो घरी टीव्हीवर हत्तींचा कार्यक्रम बघत होता, बायको आत बाळाला अंगाई म्हणत होती आणि बेबी मॉनिटरवर ते ऐकू येत होतं, तेवढ्यावर सगळं संपायला हवं होतं म्हणतो. ती रात्र म्हणजे जेसीची मैत्रीण जेन गेली ती रात्र, आणि वाचवता येत असून वॉल्टने तिला मरू दिलं. हे जेसीला माहीत नाही, आपल्याला माहितीये.

मग तो शिडीचा सीन. जेसी वर माशीमागे, खाली वॉल्ट शिडी धरून उभा, डोळे मिटतायत, आणि तो म्हणतो जेनचं वाईट वाटतं. पुन्हा म्हणतो. अजून एक वाक्य तोंडातून निघालं तर संपलं सगळं, आणि वरून जेसीच त्याला समजावतो की यात तुझी काही चूक नाही! अख्ख्या सिरीजमध्ये गोळीबार कमी नाहीयेत पण माझा श्वास असा अडकला नव्हता कुठे.

"सोडला तरी गोष्ट कळते." कळते हो. पण जे वाक्य शिडीखाली गिळलं ते वॉल्ट थेट २०१३ च्या, शेवटच्या सीझनमधल्या 'ओझिमँडियस' या एपिसोडमध्ये जेसीला बोलतो, तेही मुद्दाम दुखवायला. इथे अपराधीपणातून निसटणार होतं, तिथे शस्त्र म्हणून वापरलं. आणि गंमत म्हणजे ज्याला सगळे सर्वोत्तम म्हणतात त्या 'ओझिमँडियस'चा दिग्दर्शक 'फ्लाय'चाच रायन जॉन्सन, आणि 'फ्लाय'च्या दोन लेखकांपैकी एक मोइरा वॉली-बेकेट, तिनेच तोही लिहिलाय.

स्लो आहे? आहे, मान्य, सुरुवातीची धावपळ मलाही थोडी लांबलेली वाटते.

राहिली माशी, "एवढ्याशा माशीसाठी कोण इतकं वेडं होतं". अहो वॉल्ट झोपू शकत नाहीये, बनवलेल्या मालाचा हिशेब जुळत नाहीये (जेसी चोरतोय, त्याला संशय आलाय), यातलं काहीच हातात नाही म्हणून माशीमागे लागलाय. जेसी ती मारतो शेवटी. मग वॉल्ट घरी बेडवर पडलेला, वर स्मोक डिटेक्टरचा लाल लाइट लुकलुकतोय आणि त्यावर बसलीये अजून एक.