घर एक, चुली दोन

सोलापूरच्या कन्ना चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर सध्या दुसरा विषय निघतच नाही. अण्णांच्या धाकट्या भावाचे प्रकरण पूर्व भागात एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. वाटणी झाली, चूल वेगळी झाली, शिधापत्रिकाही वेगळी निघाली, वरच्या मजल्यावर नवा टीव्ही आला, आणि छत्रीवरून टीव्ही दाखवणाऱ्या डीटीएच कंपनीने कळवले की या पत्त्यावर आधीपासूनच जोडणी असल्यामुळे नव्या ग्राहकाची सवलत तुम्हाला लागू होत नाही.

कंपनीची बाजू बापूंनी घेतली. बापू विमा प्रतिनिधी आहेत आणि कोणत्याही कंपनीचा कोणताही नियम ते असा समजावून सांगतात, जणू तो ठरला त्या बैठकीला ते स्वतः हजर होते. ते म्हणाले, "अण्णा, ही सवलत म्हणजे कंपनीची गुंतवणूक असते. बॉक्स, छत्री, बसवणाऱ्याची मजुरी, हा सगळा खर्च ती आधी सोसते आणि पुढे महिन्यामहिन्याने वसूल करते. एकाच घरातली माणसे नाव बदलून पुन्हा पुन्हा नवी होऊ लागली, तर कंपनीने धंदा कसा करायचा?"

अण्णांनी शांतपणे विचारले, "माझ्या छत्रीला गंज चढला, बापू. तिचा खर्च माझ्याकडून केव्हाच वसूल झाला असेल ना? मग माझा हप्ता का उतरला नाही?"

यावर बापूंनी योजना, विभाग, ग्राहकवर्ग असे पुष्कळ शब्द वापरले, पण उत्तर त्यात नव्हते.

वकीलसाहेब तोवर गप्प होते. त्यांनी जे सांगितले, ते मला या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२० साली नियम केला होता की एका घरात एकापेक्षा अधिक टीव्ही असतील, तर दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक टीव्हीवरचे नेटवर्क शुल्क, म्हणजे वाहिन्यांचे पैसे सोडून नुसत्या जोडणीसाठी दरमहा द्यायचे पैसे, पहिल्याच्या ४० टक्क्यांहून अधिक असू नये. त्या वेळी पहिल्या टीव्हीसाठी दोनशे वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर अशी कमाल मर्यादा होती, म्हणजे दुसऱ्याला जास्तीत जास्त ५२ रुपये पडत. परंतु त्यासाठी सर्व जोडण्या एकाच व्यक्तीच्या नावावर असणे आवश्यक होते. भावाने जोडणी स्वतःच्या नावावर मागितली, म्हणून दुसऱ्या टीव्हीचा हिशेब त्याला लागू होत नाही, आणि पत्ता जुना, म्हणून नव्या ग्राहकाचा हिशेबही लागू होत नाही.

"म्हणजे सवलत द्यायची वेळ आली की आमचे घर एक," अण्णा म्हणाले, "आणि पैसे घ्यायची वेळ आली की घरे दोन."

माझ्या मते सगळा अन्याय या एका वाक्यात आला आहे. नव्या माणसाला सवलत द्यावी की देऊ नये, हा माझा प्रश्नच नाही. बाजारात नवे गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाव उतरवण्याची रीत जुनी आहे. नवा म्हणजे कोण, हे मात्र आधी ठरलेले आणि लिहिलेले असले पाहिजे, आणि ते व्यक्तीवर ठरवायचे की कुटुंबावर की पत्त्यावर, याचे उत्तर सर्व प्रसंगी एकच असले पाहिजे. अण्णांच्या भावाने ग्राहक सेवा केंद्राला फोन केले, तेव्हा एकदा पत्त्याचे कारण मिळाले, एकदा सांगितले की त्याचा मोबाइल क्रमांक मोठ्या भावाच्या खात्याला जोडलेला आहे, आणि एकदा तर आडनाव सारखे असल्याचे कारण पुढे आले. आमच्या साखर पेठेत आडनाव सारखे असण्यावरून ग्राहक ओळखायचे ठरवले, तर अख्ख्या बोळात एकच ग्राहक निघेल.

बापूंनी लगेच २०२४ चा दाखला दिला. त्या जुलैमध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि भाग पाहून किंवा ग्राहकवर्ग पाहून वेगवेगळे शुल्क लावण्याची मोकळीक कंपन्यांना दिली. "म्हणजे कायदाच कंपनीच्या बाजूने आहे," असे ते विजयी स्वरात म्हणाले. वकीलसाहेबांनी त्यांना तिथेच अडवले. त्याच बदलात सर्व शुल्के जाहीर करण्याचे आणि ग्राहकाला कळवण्याचे बंधनही आहे, ते बापूंनी सांगितले नव्हते. जो भेद करण्याची परवानगी मिळाली आहे, तो उघडपणे करायचा आहे, आणि फोनवरच्या प्रत्येक मुलीने वेगळे कारण सांगणे याला उघडपणा म्हणत नाहीत.

इथे अण्णांनी २०१९ चा फेब्रुवारी काढला, आणि तो निघणारच होता. वाहिन्या निवडण्याची नवी पद्धत आली, तेव्हा गल्लीतल्या सर्वांचे अर्ज भरून देण्याची जबाबदारी बापूंनी हौसेने घेतली होती आणि सर्वांना एकच मराठी-हिंदी संच घेऊन दिला होता. अण्णांच्या आईचे सारे पाहणे तेलुगूत, समोरच्या काकूंचे माहेर विजापूरकडचे असल्यामुळे त्यांचे कन्नडमध्ये, आणि दोघींच्याही वाहिन्या एका रात्रीत गेल्या. त्या दोघींनी त्यानंतर बापूंशी किती काळ अबोला धरला, हे गल्लीला आठवते. पण अण्णांनी तो राग काढला तो नुसत्या चेष्टेसाठी नव्हे. नव्या ग्राहकाच्या जाहिरातीत जो भाव मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो बहुधा अशाच एका मराठी-हिंदी संचाचा असतो. तेलुगू आणि कन्नड वाहिन्या वरून घ्याव्या लागतात, त्यांचे पैसे वेगळे पडतात, आणि म्हणून तीन भाषा बोलणाऱ्या सोलापुरातल्या पुष्कळ घरांना तो छापील भाव नवे असूनही मिळत नाही.

बापू या सवलतीचे एवढे कैवारी का आहेत, हेही याच ओघात उघड झाले. ते स्वतः एकदा नवे ग्राहक झाले, नंतर पत्नीच्या क्रमांकावर झाले आणि आता पंढरपूरच्या सासूबाईंच्या क्रमांकावर आहेत.

"तू दर दिवाळीला नव्याने जन्माला येतोस," अण्णा म्हणाले, "आणि माझ्या भावाला मात्र वेगळा संसार थाटूनही जन्म मिळत नाही. माझ्या दुकानात मी नव्या गिऱ्हाइकाला साखर स्वस्त दिली आणि वर्षानुवर्षे खाते चुकते करणाऱ्याला महाग दिली, तर तो खात्याची वही माझ्या तोंडावर फेकेल. कंपनीकडे तोंडच नाही, म्हणून तिचे चालते."

वकीलसाहेबांनी त्यात भर घातली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून घराच्या आणि मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करणाऱ्या जुन्या ग्राहकाला, तोच नवा म्हणून आला असता तर जो भाव मिळाला असता, त्याहून अधिक भाव लावण्यास तिथल्या वित्तीय नियामकाने बंदी केली आहे. "म्हणजे बापू, हा नियम तुमच्याच धंद्यात झालेला आहे," ते म्हणाले, आणि बापू पहिल्यांदाच काही क्षण निरुत्तर झाले. आपल्याकडे टीव्हीच्या जोडणीसाठी असा नियम व्हावा, असे मला मनापासून वाटते. ज्याच्या घरी तीन मोबाइल क्रमांक आणि एक बापू आहे त्याला सवलत मिळते, आणि ज्या म्हातारीला ओटीपी म्हणजे काय हे कळत नाही ती पूर्ण पैसे भरते. असा हिशेब चालू राहणे बरोबर नाही.

शेवटी असे ठरले की भावाच्या वतीने वकीलसाहेबांनी लेखी अर्ज लिहायचा, पात्रतेची अट छापील स्वरूपात मागायची, आणि उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. पहिली ओळ लिहून होते तोच बापूंचा फोन वाजला. पलीकडे सासूबाई होत्या. त्यांच्या मोबाइलवर कसला तरी आकडा आला होता आणि तो कोणाला सांगायचा, हे त्या मोठ्याने विचारत होत्या. त्यावरून अण्णांना १९ नोव्हेंबर २०२३ आठवला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी असाच एक आकडा पंढरपुरात अडकल्यामुळे बापूंचा बॉक्स बंद पडला होता, आणि सामना पाहायला ते सहकुटुंब अण्णांकडे आले होते.

"सर्वांत जुन्या ग्राहकाच्या घरी आला होतास, लक्षात आहे ना?" अण्णांनी विचारले.

"आहे ना," बापू म्हणाले, "आणि भारत हरला तोही तुमच्याच जुन्या बॉक्सवर."

वकीलसाहेबांना त्यानंतर अर्जाची दुसरी ओळ कोणी सुचू दिली नाही.