दुधाचेच दात, पडणारच आहेत म्हणे!

आज दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. आत चार-साडेचार वर्षांचं पोर भोकाड पसरून रडतंय आणि बाहेर त्याचे बाबा मला समजावतायत, "अहो, दुधाचेच दात, पडणारच आहेत की!" मांडीवर पोराचा सिपर, ज्यूसनं अर्धा भरलेला. बाहेर आलं की गप्प करायला!

डोकंच फिरलं माझं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात हो. तोवर पोरानं चावायचं कशानं?

पण तो सिपर बघून मला लेकीचा ज्यूसचा निळा सिपर आठवला. "गोड किती खाते?" असं डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं. मी ऐटीत म्हटलं, "फारसं नाहीच." मग म्हणाले, "किती वेळा?" माझी बोलतीच बंद. दिवसभर हातात सिपर, एकेक घोट, आणि तो भरून देणारी मीच. ऑफिसचे कॉल शांततेत व्हावेत म्हणून!

दर घोटाला तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. लाळ सावरून घेते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी द्याल की नाही? तेवढ्यात पुढचा घोट! त्यापेक्षा जेवणाबरोबर अख्खं चॉकलेट खाऊन संपवलेलं परवडलं. आणि "पण हा तर शंभर टक्के फळांचा रस" हे मला ऐकवू नका. रसातली साखर, मध, सगळं जागतिक आरोग्य संघटना साखरेतच मोजते.

ब्रश हवाच, फ्लोराइडची पेस्ट हवी, मान्य. पण दोनदा घासून दिवसभराचं चरणं धुऊन निघत नाही.

लेकीच्या वरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आली होती. मला वाटलं दुधाची साय. ओल्या फडक्यानं पुसत बसले, दोन-तीन दिवस! तेव्हाच सिपर काढून घेतला असता तर ते कवच पुन्हा कडक होऊ शकलं असतं. रेघ तपकिरी झाली तेव्हा कुठे मी डॉक्टर गाठला.

तर ते पोर बाहेर आलं, गालात कापूस, डोळे सुजलेले. आल्या आल्या सिपरला हात. बाबांना चार शब्द सुनवायचे होते, पण त्यांचा चेहराच इतका उतरला होता... मी नुसती माझी पाण्याची बाटली पुढे केली. पोरानं ती ढकलून दिली. माझीही अशीच ढकलायची.