रोमचे कॅटाकोंब म्हणजे लपण्याची भुयारं नव्हेत

युरोप टूरचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो, आणि त्यावर बेतलेल्या रीलही. थोडक्यात तो असा: सम्राटांच्या छळापासून वाचण्यासाठी ख्रिस्ती लोकांनी रोमखाली गुप्त भुयारं खणली, वर्षानुवर्षं तिथेच राहिले, तिथेच चोरून प्रार्थना केली, आणि सम्राटांना पत्ताच लागला नाही. एकमेकांना ओळखता यावं म्हणून माशाची सांकेतिक खूण काढली. ही भुयारं थेट व्हॅटिकनपर्यंत पोचतात. आत हाडांचे ढीग आहेत, बघण्यासारखं काही नाही, त्यापेक्षा तो वेळ कलोसियमला द्या.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. कॅटाकोंब म्हणजे जमिनीखाली खणलेल्या दफनभूमी. मला ते लागतं, कारण या थरारक गोष्टीपायी तिथे जे खरोखर आहे ते लोक न बघताच परत येतात.

आधी लपून राहण्याचं. बारा तक्त्यांच्या जुन्या रोमन कायद्यापासूनच शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला बंदी होती. त्यामुळे सगळ्यांचीच थडगी वेशीबाहेर, अप्पिया, सालारिया, नोमेंताना अशा हमरस्त्यांच्या कडेला असत. ख्रिस्ती लोकांनी तेच केलं. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून, जमीन अपुरी पडू लागली तशी, ते खाली खणत गेले. तिथला टफ हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड कुदळीने कापता येतो आणि तरी छत धरून राहतो. हा प्रकार एकट्या ख्रिस्ती लोकांचा नव्हता. अप्पिया रस्त्यालगतच व्हिन्या रांदानीनी ही ज्यू लोकांची भूमिगत दफनभूमी आहे आणि तिच्या भिंतींवर सात फांद्यांचा दीपवृक्ष रंगवलेला आहे.

शिवाय तिथे राहणार कसं? गल्ल्या जेमतेम मीटरभर रुंद. दोन्ही बाजूंच्या भिंतींत खालपासून वरपर्यंत आडव्या खाचा, प्रत्येक खाचेत कापडात गुंडाळलेलं प्रेत, आणि खाचेच्या तोंडावर चुन्याने बसवलेली कौलं किंवा संगमरवरी फरशी. हवा कोंदट, उजेड जवळजवळ नाही. अशा ठिकाणी कुटुंबकबिल्यासह दिवस काढल्याचा पुरावा पुरातत्त्वज्ञांना मिळालेला नाही.

‘सम्राटांना पत्ताच नव्हता’ हा या मजकुराचा कणा आहे, आणि तोच सर्वांत कच्चा. इसवी सन 200च्या सुमारास पोप झेफिरिनस यांनी कॅलिक्स्टस नावाच्या डीकनकडे (चर्चच्या सेवेतल्या अधिकाऱ्याकडे) अप्पियावरच्या दफनभूमीचा कारभार सोपवला. आज तिला सान कॅलिस्टो म्हणतात ते त्यावरूनच. पुढे 257 मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत पाऊल ठेवायला बंदी केली. जी जागा सरकारला ठाऊकच नाही, तिथे जायला सरकार मनाई कशी करेल? 6 ऑगस्ट 258 रोजी पोप सिक्स्टस दुसरे आणि त्यांच्याबरोबरचे चार डीकन दफनभूमीतच मारले गेले. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी त्याच वेळी लिहिलेल्या पत्रात ही बातमी आहे. म्हणजे शिपाई नेमके तिथेच येऊन पोचले. व्हॅलेरियननंतर सम्राट गॅलिएनसने दफनभूमी ख्रिस्ती लोकांना परतही केल्या.

बहुतेक दफनं छळाच्या काळातली नाहीतच, हे तर या मजकुरात कुठेच येत नाही. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला उघड मान्यता मिळाली आणि कॅटाकोंबचा सर्वाधिक विस्तार त्यानंतर, चौथ्या शतकात झाला. त्या काळी खोदकाम करणारे लोक कबरीच्या जागा विकत आणि खरेदीची नोंद कबरीवरच्या लेखात कोरली जाई.

प्रार्थना तिथे होत, हे मात्र खरं. पण त्या मृतांच्या स्मरणाच्या. अप्पियावरच्याच सान सेबास्तियानो कॅटाकोंबमध्ये तिसऱ्या शतकातला एक आडोसा आहे, त्याच्या गिलाव्यावर भाविकांनी टोकदार वस्तूने शेकडो ओळी खरवडल्या आहेत: संत पेत्र आणि पौल यांना विनवण्या, आणि आम्ही तुमच्या नावाने जेवण घातलं अशा नोंदी. आपल्याकडे वसईत 2 नोव्हेंबरला कुटुंबंच्या कुटुंबं कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जमतात, तसाच हा उघड, घरगुती सोहळा होता. नेहमीची उपासना शहरात, घराघरांत चाले. सान कॅलिस्टोमधली पोपांची खोली, म्हणजे जिथे पोप पुरले ती, पाहिली तरी कळतं की तिथे मोजकीच माणसं मावतील.

माशाबद्दल थोडंच सांगतो. तो कबरींच्या दगडांवर ठळक कोरलेला आहे. लिसिनिया अमियास या स्त्रीच्या तिसऱ्या शतकातल्या स्मृतिशिळेवर दोन मासे आहेत, आणि त्यांच्या वर रोमन देवतांना उद्देशून असणारी नेहमीची अक्षरंही. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून केलेली ती श्रद्धेची खूण आहे. सांकेतिक भाषा कोणी दगडात एवढ्या मोठ्या आकारात कोरत नाही.

व्हॅटिकनपर्यंतच्या भुयाराचा मुद्दा नकाशा उघडताच संपतो. अप्पिया शहराच्या आग्नेयेला, व्हॅटिकन टायबर नदीच्या पलीकडे. साठाहून अधिक कॅटाकोंब सापडले आहेत आणि ते आपापल्या जागी वेगवेगळे आहेत. एकट्या सान कॅलिस्टोमध्ये सुमारे 20 किलोमीटरच्या गल्ल्या आहेत, पण त्या एकावर एक मजल्यांत गुंडाळलेल्या आहेत.

हाडांचे ढीग पॅरिसमध्ये आहेत. तिथे 1786 पासून भरलेल्या दफनभूमींतले सांगाडे दगडाच्या जुन्या खाणींत हलवून रचले. रोममध्ये उलट झालं. आठव्या-नवव्या शतकांत हुतात्म्यांचे अवशेष काढून शहरातल्या चर्चमध्ये नेले, आणि मग या जागा विसरल्या गेल्या. 1578 मध्ये सालारिया रस्त्यालगत खणताना अचानक एक भाग उघडा पडला आणि शोध पुन्हा सुरू झाला. आज पर्यटकांना दाखवतात त्या वाटेवर बहुतेक खाचा रिकाम्या आहेत.

राहिला प्रश्न, मग बघायचं काय? मला विचाराल तर तिथल्या लहान खाचा बघा. जेमतेम हातभर लांबीच्या, तान्ह्या मुलांसाठी खोदलेल्या. अनेक कबरींच्या लेखांत वय किती वर्षं, किती महिने, किती दिवस असं लिहिलेलं असतं. नाव कोरायचा खर्च न झेपणाऱ्यांनी ओल्या चुन्यात नाणं, शिंपला, मणी किंवा सोनेरी नक्षीच्या काचपात्राचा तळ दाबून ठेवला, म्हणजे आपलं माणूस पुढच्या वेळी त्या रांगेत सापडावं. प्रिसिलाच्या कॅटाकोंबमध्ये छतावर आई आणि मूल रंगवलेलं आहे. मरियमेचं ते सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांपैकी एक मानतात. 1854 मध्ये पुरातत्त्वज्ञ जोव्हानी बात्तिस्ता दे रोस्सी यांनी पोपांची खोली शोधली, तिथे तिसऱ्या शतकातल्या पोपांची नावं ग्रीक लिपीत वाचता येतात.

आणि ही भेट हे आजच्या पर्यटनाचं खूळ आहे असंही नाही. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी यात्रेकरूंसाठी काही जागांची डागडुजी केली, हुतात्म्यांवर कविता रचून संगमरवरात कोरून लावल्या. रोममध्ये शिकत असताना संत जेरोम मित्रांबरोबर रविवारी इथे यायचे. आतल्या अंधाराचं वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

फेरी अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात. फोटो काढू देत नाहीत. तापमान वर्षभर 15-16 अंशांच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यातही स्वेटर हवा. जिने उभे आहेत, गुडघेदुखी असणाऱ्या आजी-आजोबांना आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांना नेऊ नका. सुटीचा वार प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, शिवाय हिवाळ्यात काही आठवडे बंद असतात, तेव्हा निघण्याआधी वेळ तपासा. एकच निवडायचं तर मी प्रिसिला सुचवेन. तिथली चित्रं अप्रतिम आहेत.